दिवसाढवळ्या दिवे

डेपोतली माणसं त्यांना घारकाका म्हणत. छत्तीस वर्षं त्यांनी मालाचा ट्रक चालवला, पण कधी एखाद्या सायकलवाल्यालाही धक्का लागला नाही. लांबच्या वळणावर काय येतंय हे बाकीच्यांच्या आधी त्यांना दिसायचं, म्हणून हे नाव पडलं. निवृत्तीनंतरही डोळ्यांचा डॉक्टर दरवर्षी तपासून “लांबचा चष्मा अजून नको” म्हणायचा आणि त्या एका वाक्यावर घारकाका पुढचं वर्षभर ताठ चालायचे.

त्यांची धाकटी लेक नर्स होती. टेकडीपलीकडच्या वस्त्यांमध्ये अंथरुणाला खिळलेल्या माणसांकडे ती जायची. कुणाची जखम धुवायची, कुणाची नळी बदलायची. त्या वर्षी तिनं स्वतःची छोटी गाडी घेतली. गाडी सुरू केली की पुढचे दोन बारीक पांढरे दिवे आपोआप लागत आणि गाडी बंद होईपर्यंत विझत नसत. ते बंद करायला बटणच नव्हतं.

घारकाकांना हे पहिल्याच दिवशी खटकलं. सूर्य डोक्यावर असताना दिवा कशाला, बॅटरी बसेल, तेल जळेल, असं त्यांचं म्हणणं. लेकीनं समजावलं की हे दिवे रस्ता बघायला नाहीत, आपण दुसऱ्याला दिसावं म्हणून आहेत आणि खातात अगदी चिमूटभर. पण ऐकतील तर ते घारकाका कसले. डेपोच्या कॅन्टीनमध्ये जाऊन त्यांनी सांगितलं, “आमच्या पोरीनं गाडी घेतली आणि दिवसाढवळ्या दिवे लावले.” सगळं कॅन्टीन हसलं.

रस्त्यावरची माणसंही काही कमी नव्हती. समोरून येणारा प्रत्येक जण पंजाची उघडझाप करून खूण करायचा, की बाई, लाइट चालू राहिलाय. पहिला आठवडाभर लेकीनं प्रत्येकाला मान डोलावून धन्यवाद दिले. एकदा तिची आई सोबत होती. घरी आल्यावर आई कौतुकानं म्हणाली की पोरीची ओळख फार दांडगी आहे, रस्ताभर लोक हात करतात.

दर बुधवारी घारकाका लेकीबरोबर गाडीत बसत. त्यांचा ट्रकवरचा जुना जोडीदार अर्धांगाच्या झटक्यानं पडून होता आणि तो लेकीचाच पेशंट होता. ती त्याचे हातपाय हलवून घ्यायची, घारकाका त्याला जुन्या गोष्टी सांगून हसवायचे.

अशाच एका बुधवारी, अकराच्या सुमारास, टेकडी उतरून गाडी जुन्या झाडांच्या रस्त्याला लागली. दोन्हीकडून फांद्या एकमेकींत गुंतलेल्या, खाली गर्द सावली आणि त्या सावलीत उन्हाचे कवडसे नाचत होते. पुढे विटांनी भरलेला ट्रक रखडत चालला होता. लेकीला पुढच्या घरी इंजेक्शनची वेळ गाठायची होती. रस्ता किंचित घारकाकांच्या बाजूला वळत होता, त्यामुळे ट्रकच्या पुढचं त्यांना तिच्याआधी दिसत होतं. त्यांनी मान बाहेर काढली, नीट पाहिलं आणि सवयीच्या आवाजात म्हणाले, “मोकळा आहे. काढ.”

लेकीनं गाडी बाहेर काढली. अर्धी गाडी ट्रकच्या बरोबरीला आली असेल-नसेल, तोच तिनं ब्रेक दाबला आणि गाडी पुन्हा ट्रकच्या मागे घेतली. घारकाका काही विचारणार इतक्यात राखाडी रंगाची एक मोटार सुसाट बाजूनं गेली. तिच्या वाऱ्यानं खिडकीची काच थरथरली.

ती गाडी घारकाकांना दिसलीच नव्हती. रंग सावलीचा, वेग वाऱ्याचा, आणि सगळीकडे कवडसेच कवडसे.

“तुला कशी दिसली?” त्यांनी विचारलं.

“गाडी मलाही नाही दिसली, बाबा. दोन कवडसे सोबतीनं चालत येताना दिसले.”

म्हणजे त्या गाडीचे दिवसाचे दिवे लागलेले होते. जोडीदाराच्या घरी त्या दिवशी घारकाकांनी एकही गोष्ट सांगितली नाही. जोडीदारानंच वाकड्या तोंडानं विचारलं की आज घारीला झालंय काय.

परतताना त्यांनी लेकीला आपल्याला त्याच झाडांपाशी उतरवायला सांगितलं आणि पुढच्या दोन पेशंटचं आटपून येताना घेऊन जा म्हणाले. दीड तास ते रस्त्याच्या कडेला उभे राहिले. येणारी प्रत्येक गाडी डोळ्यांत तेल घालून पाहिली. बिनदिव्याची गाडी, विशेषतः काळी किंवा राखाडी, तिसऱ्या झाडापाशी आल्यावर कळायची. दिव्यांची गाडी पार पुलाच्या कठड्यापासून दिसायची. त्यांनी अंतर पावलांनी मोजलं. तिसरं झाड पंचेचाळीस पावलांवर होतं आणि पूल अडीचशेच्याही पुढे. एवढीशी वात, आणि मधली दोनशे पावलं माणसाच्या पदरात टाकते. ज्यानं कुणी हे डोकं चालवलं, त्याच्या पाया पडावं असं त्यांना वाटलं. छत्तीस वर्षं ते स्वतःच्या डोळ्यांवर खूश होते; हा गडी आपल्या डोळ्यांचं सोडून समोरच्याच्या डोळ्यांची काळजी करत बसला होता.

त्यानंतर मात्र घारकाकांना थांबवणं कठीण झालं. भेटेल त्याला ते दिव्यांचे गुण सांगू लागले. फक्त त्या ‘मोकळा आहे’ची गोष्ट त्यांनी पोटातच ठेवली, बायकोलाही सांगितली नाही. लेकीला म्हणाले, “गाडी तुझ्याहून शहाणी आहे. तू त्या मोठ्या लाइटच्या बटणाला हातही लावू नकोस.”

डेपोचा वायरमन त्यांचा दोस्त होता. त्याच्या जुन्या पिकअपला असे दिवे बसवून घ्यायचे म्हणून घारकाका त्याच्या मागे लागले. वायरमन कामात वाकबगार आणि बोलण्यात फटकळ. त्यानं दिवे बसवले, पण बसवताना ऐकवलंही. स्वस्तातले दिवे वाकडे बसवले तर समोरच्याचे डोळे दिपतात. सगळ्याच गाड्या चमकू लागल्या की मधला मोटरसायकलवाला हरवतो. आणि बहुतेक गाड्यांत हे दिवे फक्त तोंडाला असतात, पाठीला नाही. घारकाकांनी या कानानं ऐकलं, त्या कानानं सोडून दिलं.

नव्या दिव्यांची परीक्षा घ्यायला दोघं दुपारी पिकअप घेऊन टेकडीवर निघाले. चार वाजले असतील. निम्म्या चढावर धुकं उतरलं, असं दाट की रस्त्याच्या कडेचे पांढरे दगडही दिसेनात. वायरमन बेतानं चालवत होता, तरीही एक मोटार अचानकच पुढ्यात आली. दिवा नाही, काही नाही, नुसती एक पाठ. वायरमननं दोन्ही पाय रोवून ब्रेक मारला. चाकं घसरली आणि पिकअप हातभर अंतरावर थांबली. ब्रेकचा आवाज ऐकून पुढची मोटारही थांबली.

घारकाका दार उघडून तरातरा निघाले. छत्तीस वर्षांच्या रस्त्यानं शिकवलेल्या सगळ्या शिव्या जिभेवर तयार होत्या. पुढच्या मोटारीचं दार उघडलं आणि त्यांची लेक उतरली.



“लाइट नाही लावलेस?” एवढंच ते म्हणाले.

“लागलेत की, बाबा. हे काय.”

तिचं खरं होतं. गाडीच्या पुढचं धुकं दुधासारखं उजळलेलं होतं, स्टिअरिंगसमोरचे वेगाचे आकडेही लखलखत होते. आत बसलेल्या माणसाला वाटावं की सगळे दिवे लागलेत. घारकाकांनी तिचा हात धरून तिला मागे नेलं. ती आपल्याच गाडीच्या काळोख्या पाठीकडे बघत राहिली. मग तिनं मागच्या लाल काचेवर तळवा ठेवला, एखाद्याचा ताप बघावा तसा.

“दिव्याखाली अंधार असतो म्हणतात,” वायरमन म्हणाला, “इथं दिव्यामागे निघाला.”

बटणाला हात लावू नकोस हे सांगणारे घारकाकाच. दुसऱ्यांदा त्यांच्या एका वाक्यापायी लेक मरणाच्या दारात गेली होती. त्यांनी स्वतः वाकून मोठ्या लाइटचं बटण फिरवलं, मागे जाऊन लाल दिवे लागलेले पाहिले आणि तिच्या शेजारी बसले. टेकडी उतरेपर्यंत पिकअप मागेच राहिली.

रविवारी वायरमननं लेकीच्या गाडीत आणि आपल्या पिकअपमध्ये अशी जोडणी करून दिली की पुढचे दिवे लागले की मागचेही लागतील. घारकाका दर पाच मिनिटांनी मागे जाऊन बघत होते. शेवटी वायरमननं त्यांच्या हातात पक्कड देऊन त्यांना एका जागी बसवलं.

डेपोच्या साहेबांच्या कानावर हे गेलं. नव्या ड्रायव्हरांची तुकडी भरती झाली होती. त्यांच्याशी घारकाकांनी दोन शब्द बोलावेत असं साहेबांनी सुचवलं. घरच्यांनाही बोलावलं होतं. बायको आणि लेक शेवटच्या रांगेत बसल्या. लेकीला वाटलं, बाबा दिव्यांचं कौतुक करतील, धुक्याचं सांगतील आणि झाडांखालचा प्रसंग गाळतील.

घारकाकांनी सुरुवातच तिथून केली. कॅन्टीनमध्ये आपण लेकीची थट्टा केली होती, मग रस्ता मोकळा आहे असं सांगितलं आणि तो मोकळा नव्हता, हे त्यांनी जसंच्या तसं सांगितलं. दोनशे पावलांचा हिशेब सांगताना त्यांचा चेहरा उजळला. मग धुकं, काळी पाठ आणि आपलं ते शहाण्या गाडीचं वाक्य. पहिल्या रांगेतल्या एका ड्रायव्हर मुलीनं विचारलं की मग हे दिवे चांगले की वाईट.

“चांगले. फार चांगले,” घारकाका म्हणाले. “पण ते तुला दुसऱ्याच्या डोळ्यांत नेतात, तुझ्या डोळ्यांचं काम करत नाहीत. अंधारून आलं की बटण तूच फिरवायचं. आणि दोन दिव्यांच्या मधे एखादा मोटरसायकलवाला आहे का, तेही तूच बघायचं.”

घरी जाताना बायको मागच्या सीटवर बसली होती. झाडांचा रस्ता आला तसं तिनं विचारलं, “अहो, छत्तीस वर्षांत असं आणखी किती वेळा झालं असेल? तुमच्या ध्यानातही न येता?”

एरवी ते उसळले असते. ते सावलीकडे बघत होते.

“माहीत नाही गं,” ते म्हणाले. “समोरच्यांनीच सांभाळून घेतलं असेल.”