मामांची जागा

सूनबाईंनी डिझायनरचा लॅपटॉप हलकेच मिटला आणि मुलाखतीतला शेवटचा प्रश्न विचारला.

"कामं छान आहेत तुमची. पण मामांचं काय कराल?"

डिझायनरने स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. आतून येणारं खाकरणं मामांचंच, हे त्याने ताडलं. आधीचे दोघे डिझायनर इथेच गारद झाल्याचं तो ऐकून आला होता. एकाने "कोण मामा?" असं विचारलं. दुसऱ्याने मामांच्या तोंडावरच "फोटोने खोक्याची शोभा जाते" असं सांगितलं आणि चहा न घेता गेला. म्हणजे त्याला तो मिळाला नाही.

प्रकरण साधं होतं. सूनबाई चार वर्षं मागच्या खोलीत साबण करत होत्या. आता एका मोठ्या दुकानाने पाचशे वड्या मागवल्या होत्या. त्या खपल्या तर दर महिन्याची मागणी. अट एकच, वडी देखण्या खोक्यात हवी. मामा म्हणजे सासूबाईंचे धाकटे भाऊ. पहिली वडी केली त्या दिवशी ते म्हणाले होते, "कर की. बिघडली तर फरशी पुसू." एवढ्या भांडवलावर त्यांना खोक्यावर स्वतःचा फोटो हवा होता, खाली 'प्रेरणास्थान'. सासूबाईंनी तर सांगूनच टाकलं होतं, भाऊ नाही तर साबणही नाही.

"मामांना वरपासून खालपर्यंत जागा देऊ," डिझायनर म्हणाला. "फक्त कुठे, ते मी ठरवणार."

त्याला काम मिळालं. चहाही मिळाला.

आठवड्याने त्याने प्रूफ आणलं आणि टेबलावर अख्खं पसरलं. घडी न घातलेल्या खोक्याच्या चार बाजू एका रांगेत. फिकट हिरवा रंग, एक पान, साबणाचं नाव, बस्स. आणि अगदी डावीकडे एका अरुंद पट्टीत नखशिखान्त मामा, मिशीसकट हसरे.

"सुरुवातीलाच घेतलंस की रे मला!"

"वाचायला डावीकडूनच सुरुवात करतात, मामा."

सासूबाईंनी चष्मा पुसला, मग डोळे. मामांनी 'छपाईस मंजूर' लिहून खाली ऐसपैस सही ठोकली.

फाटकापाशी सूनबाईंनी हळूच विचारलं, "ती डावीकडची पट्टी... घडी घातल्यावर कुठे जाते?"

"आत. तिलाच गोंद लावतात, ताई. खोकं चिकटलं की मामा आत. मामा खूश, घर शांत, दुकानदारही खूश."

फाटक बंद होईपर्यंत सूनबाईंनी हसू आवरलं. नंतर त्यांना थोडं वाईट वाटलं. पण फोन करून बदल सांगण्याइतकं नाही.

छापलेले कागद आले, ते माल पोचवायच्या आदल्या सकाळी. सूनबाई आणि डिझायनर मागच्या खोलीत गोंद घेऊन बसले. एक खोकं झालं, दोन झाली, दहा झाली. डिझायनर मागे सरून कौतुकाने पाहत होता, तेवढ्यात टक्‌ आवाज झाला. पहिलं खोकं उघडलं आणि फटीतून मामा हसले. मग दुसरं. बघता बघता दहाही मामा, शेजारी भांडण लागल्यावर माणसं दारातून डोकावतात तसे डोकावू लागले.

"लॅमिनेशन," डिझायनर पट्टीवर बोट फिरवत म्हणाला. "चकचकीत कागदाला गोंद धरत नाही. ही पट्टी कोरी सोडायची असते."

"मग सोडली का नाहीत?"

"तिथे मामा होते ना."

"आणि उद्या दुपारी मी दुकानात काय नेऊ? सुट्टे मामा?"

कपबशीचा आवाज झाला. मामा दारात उभे होते. कधीपासून, देव जाणे. त्यांनी कप खाली ठेवला, एक खोकं उचललं. पट्टी आत घातली, बाहेर काढली. पुन्हा आत घातली.

"मामा, ते..." सूनबाई अर्धवट उठल्या.

मामा आत गेले. आतल्या खोलीत कपाटाचा खण दणकन उघडला.

"आता सासूबाईंना सांगणार," सूनबाई म्हणाल्या. "तुम्ही चपला घालून बसा."

मामा परतले ते पॉलिशपेपर घेऊन. त्यांनी त्याचे तीन तुकडे केले, खोक्याची पट्टी गुडघ्यावर घेतली आणि कपाळापासून घासायला सुरुवात केली. चकाकी गेली. मग भुवया गेल्या, डोळे गेले, हसू गेलं. खरखरीत झालेल्या जागेवर त्यांनी गोंद लावला, दाबून धरला, तोंडातल्या तोंडात तीस आकडे मोजले आणि खोकं जमिनीवर ठेवलं.

तिघेही त्याच्याकडे बघत राहिले. ते उघडलं नाही.

"चारशे नव्व्याण्णव," मामा म्हणाले आणि दोघांच्या हातांत एकेक तुकडा दिला.

तासाभराने सासूबाई दारात आल्या. "कसली रे ही खरखर सकाळपासून?"

सूनबाईंचा हात जागीच थांबला.

"दाढी करतोय, आक्का," मामा मान वर न करता म्हणाले. "एवढ्या मोठ्या दुकानात जायचं, तर तशीच वाढवून जाऊ?"

"बाई, याचं काही खरं नाही," म्हणत सासूबाई गेल्या.

खोक्यांची रांग भिंतीपर्यंत गेली. मग सूनबाईंनी हातातलं खोकं मामांपुढे धरलं. सगळं घासून झालं होतं. त्या ओठाच्या वर थबकल्या होत्या.

"मामा, मिशी?"

मामांनी खोकं उजेडाकडे नेलं, लांब धरलं, जवळ आणलं.

"गोंद धरत असेल," ते म्हणाले, "तर तेवढी राहू दे."