दुसऱ्या साक्षीदाराची सही

मी मृत्युपत्राचा कागद बोलतोय. दचकू नका. माझं नाव तेवढं अशुभ आहे, स्वभाव नाही. मी कुणाचा जीव घेतलेला नाही. एका मुलीचं घर मात्र माझ्यामुळे गेलं, आणि तेच सांगायला आज तोंड उघडलंय.

माझा जन्म एका बाइंडिंगच्या दुकानातला. शाळेच्या हजेरीपटांसाठी आणलेल्या जाड कागदातले तीन ताव उरले होते. दुकानाच्या मालकांनी ते कातरयंत्राखाली सारखे केले, सात वेळा कच्चं लिहून पाहिलं आणि आठव्यांदा माझ्यावर पक्कं उतरवलं. अक्षर टपोरं, समास सोडलेला, खाडाखोड एकही नाही.

या मालकांना सगळी गल्ली मामा म्हणायची, कारण दुकानात त्यांची भाची असायची आणि ती दिवसातून शंभरदा हाक मारायची. भाची सहा वर्षांची असताना तिची आई, म्हणजे मामांची धाकटी बहीण, वारली. बाप त्याआधीच परागंदा झाला होता. मामांनी तिला घरी आणलं तेव्हा ती इतकी काटकुळी होती की त्यांनी तिचं नाव 'टाचणी' पाडलं. दुकानावरच्या दोन खोल्यांत ती वाढली. बाराव्या वर्षी पानांचे गठ्ठे दोऱ्याने शिवायला शिकली, सोळाव्या वर्षी कातरयंत्र चालवायला. चिकटवायची खळ किती घट्ट झाली ते तिला नुसत्या वासावरून कळायचं.

मामांना एक मुलगाही होता. दुसऱ्या शहरात नोकरीला. मामी गेल्यानंतरच्या अकरा वर्षांत तो दोनदा आला, दोन्ही वेळा परतीचं तिकीट खिशात घेऊन.

डॉक्टरांनी मामांना हृदयाचं दुखणं सांगितलं, त्याच आठवड्यात मी लिहिला गेलो. माझ्यात दोनच गोष्टी होत्या. दुकान, यंत्रं आणि वरच्या दोन खोल्या भाचीला. बाकी जे काही असेल ते मुलाला. मुलगा हयात असताना भाची कायद्याने वारस नव्हती. माझ्याविना तिला त्या घरातली एक वीटही मिळाली नसती. हे ओझं मी अभिमानाने उचललं होतं.

शेजारचे शिंपीकाका म्हणाले, "अरे, एकदा वकिलाला दाखव की."

"तीस वर्षं वकिलांची पुस्तकं शिवतोय मी. मलाच शिकव आता."

ते खरं होतं. पण कायद्याची पुस्तकं मामांनी पाठीकडून पाहिली होती, पोटातून नाही. दोन साक्षीदार लागतात, दोघेही सज्ञान लागतात, सगळ्यांनी एकमेकांसमोर सही करायची, एवढं त्यांना ठाऊक होतं. त्याच्या पुढचं एक वाक्य ठाऊक नव्हतं.

मंगळवार होता, सकाळचे साडेदहा. आधी मामांनी सही केली, मग शिंपीकाकांनी.

"आता दुसरा कोण? हिला हाक मारू?" शिंपीकाकांनी विचारलं. हिला म्हणजे त्यांच्या बायकोला. ती पलीकडे काज करत बसली होती.

"कशाला त्यांना कामातून उठवतोस? आपली टाचणी आहे की."

टाचणीला अठरा पूर्ण होऊन बारा दिवस झाले होते. ती हात पुसत आली.

"माझी सही चालते?"

"न चालायला काय झालं? कायद्याने तू आता शहाणी झालीस. आमच्या हिशेबाने अजून व्हायचीस."

"मग वाचू तर द्या. न वाचता सही करू नये, हे तुम्हीच घोकून घेतलंय माझ्याकडून."

"साक्षीदाराने सही पाहायची असते, मजकूर नाही," मामा मास्तरी आवाजात म्हणाले आणि त्यांनी माझ्या अंगावर पुठ्ठा ठेवला. फक्त सहीची जागा उघडी राहिली. तिने स्वतःचं नाव वाचलं असतं तर "मला काही नको, तुम्ही तेवढे बरे व्हा" म्हणून रडली असती, आणि ते त्यांना झेपलं नसतं.

टाचणीने आधी रद्दीच्या कागदावर चारदा सही गिरवली. मग माझ्यावर केली, जीभ दातांत धरून. सज्ञान झाल्यावरची तिची ही पहिली सही. शेवटच्या अक्षराला तिने लांब शेपूट काढलं.

"बघा, मंत्रीणबाईंची सही!" शिंपीकाका म्हणाले, आणि तिघेही हसले. मामांनी शाईवर फुंकर घातली. ती फुंकर माझ्या अंगाला अजून आठवते.

पुढे दोन वर्षांनी मामा गेले. भर दुपारी, हातात शिवायला घेतलेली वही तशीच.

तीन आठवड्यांनी वकीलबाईंच्या टेबलावर मला उघडण्यात आलं. समोर टाचणी, मुलगा आणि शिंपीकाका. वकीलबाईंनी पहिलं पान मोठ्याने वाचलं. आपलं नाव ऐकताच टाचणीने तोंडावर हात धरला. मामांनी तिला कधी "शाबास"सुद्धा म्हटलं नव्हतं. त्यांची सगळी शाबासकी माझ्या पोटात होती.

मग शेवटचं पान उलटलं आणि वकीलबाई थांबल्या.

"ही दुसरी सही कुणाची?"

"माझी," टाचणी म्हणाली.

वकीलबाईंनी चष्मा काढला. "ज्याला मृत्युपत्रातून काही मिळायचं आहे, त्याने साक्षीदार व्हायचं नसतं. तुम्हाला लागू असलेल्या वारसा कायद्यात अशा साक्षीदाराला दिलेलं रद्द होतं. कागद टिकतो, पण तुमचा हिस्सा टिकत नाही. तो 'बाकी जे काही' यात जातो." आणि त्यांनी मुलाकडे पाहिलं.

"मी बायकोला हाक मारतो म्हणालो होतो हो," शिंपीकाका पुटपुटले. "भिंतीपलीकडेच होती."

"त्यांची सही घेतली असती, तर हिला सही करावीच लागली नसती आणि हिचा हिस्सा टिकला असता," वकीलबाई म्हणाल्या.

मग त्या मुलाला म्हणाल्या, "तुमच्या मनात असेल, तर तुम्ही स्वतः ते हिला देऊ शकता. त्याचा वेगळा कागद मी करून देईन."

मुलगा टेबलाच्या कडेकडे बघत होता. "दहा वर्षांचा असताना मी त्या कातरयंत्राला हात लावला, म्हणून बाबांनी मला बडवलं होतं. पुन्हा यंत्राजवळ दिसू नकोस म्हणाले. मी दिसलो नाही. आणि हिला मात्र हात धरून शिकवलं."

"दादा, तेव्हा त्याच्या पात्याला जाळी नव्हती. तुमची बोटं जातील म्हणून ते घाबरले होते. जाळी नंतर बसवली."

"मला कुठे कुणी सांगितलं?"

मला त्याचीही दया आली. मामांनी माझ्यावर तीन पानं लिहिली, पण त्या पोरासाठी कारणाची एक ओळ लिहिली नाही.

"विचार करून कळवतो," तो म्हणाला आणि उठला.

आठ आठवडे टाचणी रोज दुकान उघडत राहिली. मग त्याचं पत्र आलं. गिऱ्हाईक मिळालं आहे, महिनाअखेर खोल्या रिकाम्या कराव्यात. खाली लिहिलं होतं, 'शिवणाच्या सुया आणि दोरे तू घेऊन जा.'

वाचणाऱ्यांनो, माझ्यासारखे कागद जरूर करा. धडधाकट असताना करा. पण प्रेमाने केलेली चूकही कायदा चूकच धरतो. पाव तास एखाद्या जाणकारासमोर बसा. आणि ज्यांना द्यायचं, ज्यांना नाही द्यायचं, त्या दोघांशीही जिवंतपणी दोन शब्द बोला. ते शब्द मला बोलता येत नाहीत.

आता मी वकीलबाईंच्या कपाटात असतो. गेल्या महिन्यात टाचणी माझी नक्कल न्यायला आली होती. जाताना म्हणाली, "बाई, माझाही एक कागद करा. माझ्याकडे द्यायला काही नाही. पण उद्या दवाखान्यात बेशुद्ध पडले, तर डॉक्टरांनी विचारायचं कुणाला?"

वकीलबाईंनी छापील फॉर्म दिला. 'माझ्या वतीने निर्णय घेणारी व्यक्ती' या रकान्यापाशी ती बराच वेळ थांबली आणि मग तिने शिंपीकाकूंचं नाव घातलं. त्याखाली 'कायमचा पत्ता' होता. तिथे हात सवयीने भराभर चालला. दुकानाचा नंबर, गल्ली, 'वरचा मजला'. मग तिच्या लक्षात आलं. तिने त्यावर एक सरळ रेघ ओढली.

"खोडलंय तिथे बाजूला सही लागते," वकीलबाई हळूच म्हणाल्या.

टाचणीने सही केली. या वेळी शेवटच्या अक्षराला शेपूट नव्हतं.