दोन्ही डाव्या पायाचे

कॅडेट कॅम्पची बस सकाळी सहाला सुटणार होती आणि आदल्या दिवशी दुपारी चिंगीच्या लक्षात आलं, की शाळेच्या भांडारातून मिळालेले दोन्ही बूट डाव्या पायाचे आहेत.

तीन दिवस बूट खोक्यात तसेच पडून होते, एवढी तिची चूक. पण बाकीच्या तयारीनंच तिच्या नाकी नऊ आले होते. फोटोमागचा रंग चुकला म्हणून एक फॉर्म परत आला, डॉक्टरांचा शिक्का पुसट म्हणून दुसरा. आईनं शिलाई मशीनवर गणवेशाची पँट चार बोटं आखूड केली, तर कवायतीच्या सरांनी त्यातली दोन पुन्हा उसवायला लावली.

भांडारवाल्या काकांनी बुटांकडे बघितलंसुद्धा नाही. एक जोड मिळाल्याची चिंगीची सही त्यांच्या वहीत होती, त्यांच्या लेखी विषय संपला होता. सरांनीही बूट नसतील तर बसमध्ये चढायचं नाही असं सांगून टाकलं. चिंगीला रडू आलं नाही, नुसता संताप आला. दोन वर्षं तिचं नाव यादीत येता येता राहिलं होतं. यंदा आलं, तर हे.

घरी तिची सगळी आदळआपट आईनं ऐकून घेतली आणि दोरा दातानं तोडत म्हणाली, “अगं, तुझ्याकडे दोन डावे आले, म्हणजे कुणाकडे तरी दोन उजवे गेले असतील ना?”

चिंगी तशीच भांडाराकडे पळाली. वहीत पाहिलं, तर तिच्या मापाचे, पाच नंबरचे बूट दोघींनीच नेले होते. दुसरी सही मुकीची होती.

मुकी काही मुकी नव्हती. बोलताना अडखळायची, म्हणून वर्गानं ते नाव चिकटवलं होतं. गेल्या आठवड्यात रांगेत गिनती चालू असताना तिचा ‘तेरा’ ओठांवरच अडकला आणि सगळी रांग फिदीफिदी हसली. चौदा नंबरवर चिंगी होती. तीही हसली होती.

मुकीचं घर छापखान्याच्या वर होतं. धापा टाकत चिंगीनं सगळं सांगितलं, तरी मुकीला नवल वाटलेलं दिसलं नाही. तिनं पलंगाखालून खोकं ओढलं. आत दोन उजवे बूट. तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

“मग बोलली का नाहीस?”

“बू... बूट नसले की बा... बाबा पाठवणार नाहीत,” मुकी म्हणाली.

मग थांबत थांबत तिनं बाकीचंही सांगितलं. कॅम्पात रोज सकाळी दोनशे मुलींपुढे आपलं नाव नि नंबर ओरडून सांगायचा असतो. चिंगीनं एक उजवा खुशाल न्यावा, पण डावा तेवढा इथे ठेवू नये, असं तिचं म्हणणं होतं.

चिंगीचं डोकं फिरलं. आपण ज्यासाठी जीव टाकतोय, ते हिला नकोच आहे. चार शब्द सुनावावेत असं फार वाटलं, पण रांगेतलं आपलं हसणं आठवलं. माफीही मागता येईना. शेवटी तिनं एक उजवा उचलला आणि एक डावा खोक्यात टाकला.

“मला दोन डावे काय करायचेत? घालायचे की नाही ते तू ठरव. मी कुणाला काही सांगणार नाही.”

मुकीनं तिच्या तोंडावर दार लावून घेतलं.

सकाळी मुकी आली. वडील ट्रंक घेऊन मागे होते. आपणहून आली की त्यांनी आणली, ते कळायला मार्ग नव्हता. चिंगीकडे न बघता ती शेजारच्या सीटवर बसली.

बस सुटण्याआधी सरांनी गिनती घ्यायला लावली. बारापर्यंत धडधडत आली आणि थांबली. मुकीचे ओठ हलत होते, आवाज फुटत नव्हता. सरांनी घड्याळ पाहिलं आणि स्वतःच तेरा म्हणून टाकलं.

“हं, पुढे. चौदा.”

चिंगी गप्प राहिली.

“चौदा! झोपलीस का?”

“सर, तेराचा आवाज आला नाही अजून.”

मागून कुणीतरी खुसखुसलं. चिंगीनं असं काही वळून पाहिलं, की ते तिथंच विरलं. सर कपाळाला आठ्या घालून उभे राहिले.

“ते... तेरा,” मुकी म्हणाली.

“चौदा,” चिंगी म्हणाली, आणि गिनती पुढे गेली.

कॅम्प येईपर्यंत मुकी तिच्याशी एक अक्षरही बोलली नाही.