शेवटचं धुणं

…गुलाबी नव्हतंच ते. धुतलेल्या रक्ताच्या नमुन्याची नळी, तळाशी बसलेल्या लाल पेशी, वर पाणी, आणि त्या पाण्यात असलाच तर नावापुरता रंग. सकाळी तिनं नळी खिडकीकडे धरून पाहिली तेव्हा पाणी स्वच्छ वाटलं होतं. आणि आता दुपारी, रक्तपेढीतल्या त्याच टेबलाशी, तीच नळी पांढऱ्या कागदापुढे धरल्यावर… गुलाबीच. सकाळभर लालच बघितलेल्या डोळ्यांना फिकट गुलाबीही पाण्यासारखं दिसतं, हे नव्या मुलींना शिकवायची तीच, कागद धरा म्हणून दटावायचीही तीच. लोकां सांगे ब्रह्मज्ञान.

रक्त दुर्मिळ गटाचं, म्हणून गोठवून जपलेलं. गोठताना पेशी फुटू नयेत म्हणून त्यात ग्लिसरॉल घालायचं, आणि देण्याआधी तेच धुऊन धुऊन काढायचं – थोडं जरी राहिलं तरी पेशी फुटतात त्या माणसाच्या शरीरात, आणि भार येतो मूत्रपिंडांवर. पाणी निवळेपर्यंत धुवायचं, एवढंच तर काम. पण ऑपरेशन थिएटरमधून फोनवर फोन, तिथल्या बाईंचं रक्त थांबत नाहीये, पिशवी कुठे आहे… आणि एक धुणं राहिलेलं असताना तिच्या मनानं म्हटलं, चालेल, आणि तिनं पिशवी पाठवून दिली. आई म्हणायची, या मुलीच्या प्रत्येक कामाला 'चालेल'चं ठिगळ असतं.

मघाशी वॉर्डातल्या सिस्टरचा फोन आला होता.

"अहो, सकाळच्या त्या बाईंची लघवी लालसर होतेय. डॉक्टर म्हणतात, ऑपरेशनमुळे असेल. रक्त नीट होतं ना?"

"हो," ती म्हणाली होती, विचारायचा अवकाश. "ऑपरेशनमुळेच असेल."

आत्ता सांगितलं तर डॉक्टर मूत्रपिंडं वाचवायला लागतील. उद्या सांगून काय उपयोग? हे तिला कळत होतं. कळत होतं तरी फोन ठेवल्यापासून ती नुसती मनात घोकत होती – बऱ्या होऊ देत, त्या बाई बऱ्या होऊ देत…

दारात त्या बाईंचा भाऊ उभा होता. पन्नाशीचा, शर्ट चुरगळलेला.

"ताई, आभार मानायला आलो. तुम्ही नसता तर हे रक्त आम्ही कुठून आणलं असतं?"

तिनं नळी स्टँडमध्ये ठेवली. काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणाली, "तुमच्या मोठ्या बहीण का?"

"आक्का. आई गेली तेव्हा मी रांगत होतो, तिनंच वाढवलं मला. फार भित्री आहे हो. सुई म्हटलं की डोळे मिटते. आजही मिटले असतील."

तो गेला. आणि तिला स्वतःचीच किळस आली – इतका वेळ जे घोकलं, ते त्या बाईंसाठी नव्हतंच. त्या बऱ्या झाल्या म्हणजे मला सांगावं लागणार नाही, म्हणून. भीती अजून होती, पण आता डोळ्यांपुढे नोकरी नव्हती, चौकशी नव्हती… आक्का होती, डोळे मिटून निजलेली. आणि ही भीती तिला सोसेना. तिनं वॉर्डाचा फोन लावला.