साहेबांची खुर्ची आणि तिसरं कडवं

मी खुर्ची बोलतेय. जिच्यासाठी निवडणुका होतात ती मी नव्हे. मी लाल प्लॅस्टिकची, वाटूर फाट्यावर राजानंदच्या पंक्चरच्या दुकानात असते.

माझा जन्म साच्यात झाला. त्याला मिनिटही लागलं नाही, त्यामुळे बालपणाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. पुढे चार वर्षं मी एका मंडपवाल्याकडे होते. एका वरातीत कुणीतरी माझ्यावर उभं राहून नाचलं आणि माझ्या बैठकीला चीर पडली. तेव्हापासून बसणाऱ्याला मी चिमटा काढते. माझी तशी इच्छा नसते. मंडपवाल्याने टेम्पोचं पंक्चर काढून घेतलं तेव्हा तो मला तिथेच ठेवून गेला.

राजानंद सातवीत शाळा सोडलेला, चोवीस वर्षांचा. गिऱ्हाईकाशी बोलतानाही टायरकडे बघतो. पण गाण्याचा फार नादी. भीमगीतं, कव्वाल्या, गोंधळ्यांची गाणी, एका बँडवाल्याने क्लॅरिनेटवर वाजवलेलं हळदीचं गाणं, असं सगळं त्याच्या मोबाइलमध्ये आहे. ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधताना त्याची मान डोलत असते.

त्याचं सगळ्यात लाडकं गाणं मात्र मोबाइलमध्ये नव्हतं. ते गावोगाव गाण्याचे कार्यक्रम करणाऱ्या दैवशालाबाई फक्त स्टेजवर म्हणत. गाणं एका अंगठा उठवणाऱ्या आईचं. पहिल्या कडव्यात ती लेकीच्या पाटीवर स्वतःचं नाव गिरवायला शिकते. दुसऱ्यात ती ऑफिसच्या रांगेत उभी राहते, साहेब शाईचा पॅड पुढे सरकवतो, आणि ती म्हणते, पेन द्या. तिसऱ्यात सही होते की नाही, ते राजानंदला माहीत नव्हतं. कारण दुसरं कडवं संपलं की सत्कार सुरू व्हायचे.

आमच्याकडे पाहुणे उशिरा येतात आणि गाणं रंगात आलं की येतात. मग आमचे निवेदक मच्छिंद्र सर माईकवर म्हणतात, "जरा थांबा, बाई." शाल, हार, नारळ. ते आटपेपर्यंत लोक गाणं विसरतात आणि बाई नवं गाणं धरतात.

एप्रिलमध्ये वाटूरच्या भीमजयंतीला बाई आल्या तेव्हा राजानंद जनरेटरजवळ उभा राहिला. पुढच्या सगळ्या खुर्च्या लोकांनी रुमाल टाकून धरल्या होत्या. म्हणून घनसावंगीच्या कार्यक्रमाला जाताना त्याने मला मोटारसायकलवर बांधलं.

त्याची आई सगुणाबाई म्हणाली, "चिमटे काढती ही सटवी. थांब जरासा." आणि तिने माझ्या पाठीवरून बैठकीपर्यंत पांढराशुभ्र टर्किश टॉवेल टाकला.

तिथेच घोटाळा झाला.

राजानंदने मला स्टेजसमोर मोकळ्या जागेत ठेवलं आणि तो माझ्यावर बसला. गाणं सुरू झालं. दोन कडवी झाली. बाईंनी तिसऱ्याचा पहिला शब्द, "अन्", एवढाच उच्चारला आणि मच्छिंद्र सरांना टॉवेल दिसला. पांढऱ्या टॉवेलची खुर्ची कुणाची असते, हे शाळेतल्या पोरालाही कळतं.

"जरा थांबा, बाई! आपल्यात साहेब आलेत!"

मागे कुणीतरी विचारलं, "कोन्त्या खात्याचे?"

"टॉवेल बघ ना. मोठ्या खात्याचे."

"बोलून न्हाई राह्यले काहीच."

"मंग लईच वरचे असतील."

 राजानंदने मान खाली घालून शाल घेतली.

पुढच्या चार महिन्यांत हेच चारदा झालं. त्याने टॉवेल घरी ठेवला तर आयोजकांनी स्वतःचा आणून टाकला. डिजिटल बोर्डावर त्याचा फोटो आला, खाली लिहिलं होतं, 'प्रमुख उपस्थिती: मा. साहेब'. एकदा एक गिऱ्हाईक गाडी ढकलत दुकानात आलं आणि दचकलं.

"साहेब, तुम्ही इथं?"

"पंचर काढून राह्यलो."

"तपासणी दिसती," असं पुटपुटत त्याने गाडी ढकलत पुढच्या दुकानाकडे नेली.

सगुणाबाई म्हणाली, "शालींनी पेटी भरली. गोधडी शिवू का? आन् ते गाणं झालं का तुझं?"

"न्हाई झालं."

शेवटी अंकुशनगरला विद्यार्थ्यांचा गुणगौरव होता. बाईंचा कार्यक्रम होता. राजानंदने मला दुकानात ठेवलं, तोंडाला रुमाल बांधला आणि वडापच्या जीपने तो एकटाच गेला. गर्दीत मागे उभं राहून ऐकायचं, असं त्याने ठरवलं होतं.

तो गेल्यावर तासाभराने, साहेब तिथे तपासणीला असतात असं ऐकून, आयोजकांची जीप दुकानापुढे थांबली. दुकानात सगुणाबाई बसली होती.

"मावशी, साहेब कुठंयत?"

"गेलाय कुठंतरी. मला काय म्हाईत!"

"बरं, मंग खुर्ची तर द्या."

मी आजवर टेम्पोत एकीवर एक रचून, नाहीतर मोटारसायकलवर बांधून गेलेली. त्या दिवशी मला पुढच्या सीटवर बसवलं आणि ड्रायव्हरने मला पट्टा लावला.

त्यांनी मला स्टेजच्या मधोमध ठेवलं. बाईंनी तेच गाणं धरलं. गर्दीत रुमाल बांधलेलं एक डोकं डोलत होतं, ते मला ओळखू आलं. पहिलं कडवं झालं. दुसरं झालं. बाई म्हणाल्या, "अन्..."

"जरा थांबा, बाई! साहेब कामात असल्यामुळं आपण त्यांच्या खुर्चीचा सत्कार करू."

माझ्या पाठीला हार घातला, शाल पांघरली आणि मांडीवर नारळ ठेवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात राजानंद गर्दीतून वाट काढत स्टेजवर आला.  त्याने रुमाल सोडला आणि मच्छिंद्र सरांच्या हातातला माईक घेतला.

"मी साहेब न्हाई. वाटूर फाट्यावर पंचर काढतो. ही माझी खुर्ची हाय. बाईंना तिसरं कडवं म्हणू द्या."

 मग मच्छिंद्र सर गहिवरून ओरडले, "बघा, किती साधेपणा! जोरदार टाळ्या!"

राजानंदने माईक सोडला नाही. तो बाईंकडे वळला.

"बाई, त्या मायची सही होती का न्हाई?"

दैवशालाबाई त्याच्याकडे वळून म्हणाल्या,

"लेकरा, ते कडवं मला कुणी म्हणू दिलं त्याला अकरा साल झाले. गाणं जोडणारे आमचे मालक बी गेले. आता मला 'अन्' एवढंच येतंय."

त्यांनी पेटीवाल्याकडे बघितलं. त्याने मान हलवली. त्यालाही येत नव्हतं.

राजानंद खाली बघत म्हणाला, "माझी माय मागच्या साली सही शिकली. लई येळ लागतो तिला. मधीच थांबती. लोक मागून ओरडतात. पण पुरी करती."

"मंग तसंच म्हणते," बाई म्हणाल्या. त्यांनी माझ्यावरचा नारळ बाजूला ठेवला, त्या माझ्यावर बसल्या आणि गायला लागल्या.

त्या कडव्यात आईचं पेन एका अक्षरापाशी अडतं. मागची रांग कुरकुरते, साहेब घड्याळ बघतो, पण नाव पुरं होईपर्यंत ती मान वर करत नाही. बाई एकेक ओळ जुळवत होत्या, मधेच थांबत होत्या. पायरीवर पाच पाहुणे सत्कारासाठी ताटकळले होते. मच्छिंद्र सरांनी दोनदा हात पुढे केला. माईक राजानंदच्या हातात होता आणि तो त्याने दिला नाही.

सही झाली. बाईंनी त्याला जवळ बोलावलं आणि ते कडवं त्याच्याकडून दोनदा म्हणून घेतलं. आता एकाला तरी पाठ आहे.

मी परत दुकानात आले. माझी चीर वाढली होती. राजानंदने सोल्युशन लावून तिच्यावर ट्यूबची पट्टी चिकटवली. आता मी चिमटे काढत नाही. आम्हाला बोलावणंही येत नाही. साहेबांची बदली झाली, असं सगळे म्हणतात.

माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. गाणं चालू असेल तर ते संपू द्या. सत्काराचं काय, तो माझासुद्धा झालाय.