बिनमालाची भिंत

माझं काम ऐकून लोकांना हसू येतं. काँक्रीटचा एखादा ठोकळा ब्लॉक आहे की नाही, हे ठरवायचं. बस, एवढंच. ब्लॉक बनवणाऱ्या सगळ्या कारखानदारांनी मतं देऊन ठरवलं की धंद्याच्या भल्यासाठी एक मंडळ काढायचं आणि दर ब्लॉकमागे एक सेंट त्याच्याकडे जमा करायचा. मी त्या मंडळाची तपासनीस. मतं देताना सगळे शूर. वसुलीची वेळ आली आणि अख्ख्या केंटकी राज्यात कुणी ब्लॉक बनवतच नाही असं निघालं!

एकजण म्हणाला, "बाई, हा अर्धाच आहे. अर्ध्याला ब्लॉक कसं म्हणणार?" दुसऱ्यानं ब्लॉकला निळा रंग फासला होता, तर म्हणे ही शोभेची वस्तू. तिसरा बाप्या तर माझ्यासमोर रचलेल्या ढिगाकडे बोट दाखवून म्हणाला, ते फरसबंदीचे ठोकळे. आरपार दोन भोकं पडलेली फरसबंदी! त्यावरून कोण चालणार, कप्पाळ? सकाळपासून संध्याकाळपर्यंत हेच ऐकायचं, त्यांच्या नाकदुऱ्या काढायच्या, आणि डोंगरातल्या वळणांवरून गाडी हाकत पुढच्या कारखान्यात जायचं. या वयात गुडघा कुरकुरतो, खांदा वर जात नाही. अगदी विटले होते मी.

तशातच डेल्बर्ट ॲम्बर्जीच्या कारखान्यात पोचले. कारखाना कसला, एक पत्र्याची शेड, एक जुनं यंत्र आणि मागे ओढा. म्हातारा ऐंशीच्या पुढचा. मुलीनं जागा विकायला काढलेली, पानगळीपर्यंत सगळं बंद होणार होतं. मी गाडीतून उतरतेय तोच त्यानं माझ्या हातात बोलोनी सॉसेजच्या तळलेल्या चकत्यांचं सँडविच ठेवलं.

"खा आधी. उपाशी माणूस 'नाही' म्हणायला टपलेला असतो," तो म्हणाला. "नदीन फ्यूगेट ना तू? तुझ्या आजोबांना ओळखायचो मी. भांडकुदळ माणूस."

"माझ्यावर गेलेत," मी म्हटलं. "बोला, तुमचा ब्लॉक कसा ब्लॉक नाही ते ऐकवा एकदाचं."

"नाही कसा? आहे! ब्लॉकच आहे तो. मोज त्याला."

माझा घास तोंडातच राहिला. इतक्या दिवसांत पैसे घ्या म्हणून मागे लागलेला हा पहिलाच.

त्यानं ब्लॉक आणून दाखवला. एका अंगाला जीभ, दुसऱ्या अंगाला खाच. एकाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत बसवायची की भिंत उभी. मधे माल लागत नाही, म्हणजे गवंडी थापीनं लावतात तो सिमेंट-वाळूचा माल. तरुणपणी स्वतःच्या डोक्यानं काढलेला साचा. धंदेवाल्यांच्या वार्षिक मेळाव्यात दरवर्षी हा ब्लॉक घेऊन जायचा आणि दरवर्षी ते हसायचे. पोरांचं खेळणं म्हणायचे त्याला.

"मला कुणाचं बक्षीस नको," डेल्बर्ट म्हणाला. "यंत्र बंद पडायच्या आधी एकदा, फक्त एकदा, बाकीच्यांच्या ब्लॉकांबरोबर माझा मोजला जाऊ दे. मग खुशाल भंगारात घाला मला."

मला फार वाईट वाटलं. कारण नियम मला तोंडपाठ होता. हातानं रचायचा, भिंतीत लावायचा, आणि माल लावून किंवा पोटातल्या पोकळीत माल ओतून जोडायचा, तो ब्लॉक. नुसता एकावर एक ठेवायचा तो नाही.

"डेल्बर्ट, अहो, तुम्ही मालच काढून टाकलात. तुमच्या हुशारीनंच तुम्हाला बाहेर ठेवलंय. मी काय करू?"

"भिंत बघितलीस का माझी? न बघताच नाही म्हणतेस?"

"किती भिंती बघायच्या हो मी?"

"एक. उठ, चल."

नाही म्हणायचं बळसुद्धा माझ्यात उरलं नव्हतं. त्याच्या ट्रकमध्ये बसून आम्ही गावच्या फायर स्टेशनला निघालो. त्याच्या ब्लॉकची पहिली इमारत तीच. बांधली ऑर्बिन स्टिडमनं. ऑर्बिन म्हणजे डेल्बर्टचा जिवाभावाचा दोस्त, या भागातला नावाजलेला गवंडी. आता हयात नाही. डेल्बर्टच्या ब्लॉकच्या जेवढ्या इमारती उभ्या राहिल्या, गॅरेज म्हणा, तंबाखूची कोठारं म्हणा, सगळ्या ऑर्बिननंच बांधल्या.

"मेळाव्यात लोक हसायला लागले की ऑर्बिन उठायचा," डेल्बर्ट सांगत होता, "आणि खणखणीत आवाजात म्हणायचा, ॲम्बर्जीच्या भिंतीला मी आयुष्यात एक थापी माल लावलेला नाही! सगळे गप्प. गवंड्यासमोर काय बोलणार?" गेल्या आठवड्यात आगीचा बंब मागे घेताना धडकून स्टेशनचा मागचा कोपरा पडला होता. डेल्बर्टला त्याचाही आनंदच. "बरं झालं. आतून कशी बसते ते तुला उघडंच बघायला मिळेल."

ऑर्बिनचा मुलगा ट्रॅविस तिथला प्रमुख. आम्हाला बघून त्याचा चेहराच उतरला. मागच्या कोपऱ्यावर ताडपत्री घट्ट बांधलेली होती.

"डेल्बर्टकाका, तुम्ही कशाला आलात? ब्लॉक न्यायला मीच येणार होतो की."

"पाव्हणीला भिंत दाखवायचीय. काढ ते पांघरूण."

"राहू दे ना काका. सगळा राडा आहे तिथं."

"अरे राडाच बघायचाय तिला! सरक."

ट्रॅविस सरकेना. डेल्बर्टनं स्वतःच खिशातला चाकू काढला, दोरी कापली, आणि ताडपत्री खाली आली.

मी आधी बघितलं आणि वाटलं, डोळे मिटून घ्यावेत. फुटलेल्या ब्लॉकांच्या पोटातून माल दिसत होता. तळापासून वरपर्यंत, टणक, दगडासारखा धरलेला. भिंत ओतून भरलेली होती.

डेल्बर्टनं हात पुढे केला आणि त्या मालावरून अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवत राहिला.

"हे काय आहे, ट्रॅविस?"

"काका, बांधकाम तपासणीचा साहेब म्हणाला होता, असल्या भिंतीवर छप्पर चढवू देणार नाही. बाबांनी मग तुम्ही गावाला गेला होतात तेव्हा वरून ओतलं. मी आणि स्टेशनच्या पोरांनी माल कालवून दिला. कुणाला सांगायचं नाही म्हणून शपथ घातली होती."

"आणि बाकीच्या इमारती?"

ट्रॅविस कापलेली दोरी गोळा करायला लागला.

"बाकीच्या, ट्रॅविस?"

"त्याही. सगळ्या."

"चाळीस वर्षं माझ्या टेबलावर बसून बीन्स आणि कॉर्नब्रेड हाणलं त्यानं!" डेल्बर्ट ओरडला. "भर मेळाव्यात उठून सांगायचा! एक थापी लावली नाही म्हणे! बरोबरच आहे, थापी कशाला लागते, बादलीनं ओतला हरामखोरानं!" आणि म्हणता म्हणता त्याच्या डोळ्यांना धार लागली. लपवायचं काही त्याच्या मनात आलं नाही.

ट्रॅविस त्याच्याजवळ जाऊन उभा राहिला. "बाबा म्हणायचे, डेल्बर्टचा ब्लॉक आपला आपण उभा राहीलही. पण एखादी जरी भिंत पडली ना, तर डेल्बर्ट उभा राहणार नाही. म्हणून ओतायचे."

ट्रॅविसनं ताडपत्री पुन्हा वर ओढली.

परतताना ट्रकमध्ये मीच तोंड उघडलं. खरं तर आनंदाची बातमी होती, पण तशी सांगता येईना. "डेल्बर्ट, पोकळीत माल आहे म्हणजे नियमात बसतंय. तुमच्या सगळ्या इमारती अशाच आहेत. मी मोजू शकते. तुम्हाला हवं होतं तसं."

कारखान्याचं वळण आलं आणि गेलं. ट्रक सरळ त्याच्या घराकडे गेला.

घरामागे त्याच्या बायकोचा, आयनाचा, पिओनीच्या फुलांचा वाफा होता. आयना जाऊन बरीच वर्षं झाली तरी फुलं आपली फुललेली. वाफ्याच्या भोवती कमरेइतकी भिंत, त्याच ब्लॉकची.

"ही मी रचली. ऑर्बिनचा तेव्हा पाय मोडला होता, तो काठीवर टेकून नुसता शिव्या देत बसला होता." त्यानं भिंतीकडे बोट दाखवलं. "ढकल."

"अहो, माझा खांदा..."

"ढकल म्हणतो ना. माझ्या हातात आता जोर नाही, आणि मला कळायला हवं."

मी दोन्ही तळवे टेकवले आणि ढकललं. आधी जपून, मग चिडून, सगळं अंग घालून. त्या सगळ्या अर्ध्या आणि निळ्या ब्लॉकवाल्यांचा राग काढला म्हणा ना. खांद्यात कळ गेली. भिंत जागची हलली नाही. इतके हिवाळे जमीन गोठून फुगली असेल, इतक्यांदा ओढ्याचं पाणी इथवर आलं असेल, तरी रेषा सरळ होती.

डेल्बर्टनं वाकून वरचा एक ब्लॉक दोन्ही हातांनी धरला, हलवून हलवून उचलला आणि मला आतलं दाखवलं. पोकळी कोरडी ठणठणीत. खाली कोळ्याचं जाळं, त्यात एक वाळकी पाकळी.

"आता सांग."

खोटं बोलावंसं फार वाटलं. "ही नाही बसत नियमात," मी म्हटलं.

"मग माझा ब्लॉक बाहेर ठेव."

"डेल्बर्ट, नीट विचार करा. पुन्हा कुणी विचारायला येणार नाही. यंत्र बंद होतंय."

"केला विचार. मोजणीत घेतलंस तर ते ऑर्बिनचा माल मोजणं होईल. माझा ब्लॉक हा आहे." त्यानं तो पुन्हा जागेवर ठेवला. जीभ खाचेत गेल्याचा आवाज मलाही ऐकू आला.

मी बाहेर ठेवला. मंडळातल्या शहाण्यांना पटेल न पटेल, मला आता कुणाला पटवायचा कंटाळा आलाय.

परत कारखान्यात माझ्या गाडीपाशी आल्यावर डेल्बर्टनं मला थांबवलं. शेडच्या कोपऱ्यातून एक पोतं ओढायला लागला, ते काही त्याला रेटेना. मी दुसरं टोक धरलं. सिमेंटचं होतं.

"हे कशाला आता?"

"ट्रॅविसला कोपऱ्याचे ब्लॉक द्यायचेत ना उद्या," तो धापा टाकत म्हणाला. "त्यांच्याबरोबर हेही. ऑर्बिनची भिंत आहे ती. त्याच्या पद्धतीनंच भरायला हवी."