पालखीचा खांदेकरी

भातरोपांसाठी जमीन भाजायची ती भाजावळ, म्हणजे पाठीचा काटा ढिला करणारं काम. आधी शेणाचा थर, त्यावर छाटलेल्या कवळाच्या फांद्या, वर वाळका पातेरा, आणि सगळ्यावर माती. गंगा एकटी हे सगळं वाहून आणत होती आणि तिची सासू आनंदीबाई बांधावर बसून तोंड चालवत होती. दोन्ही कामं एकाच वेळी होत होती म्हणायचं.

"ह्या शिमग्याला शेवटचा गाऱ्हाणा घालणार हां," आनंदीबाई म्हणाली. "पुढच्या शिमग्यापर्यंत पाळणा नाय हलला, तर काडीमोड. हेदवीची एक पोर बघून ठेवलीय मी."

गंगेनं टोपली आदळली. "बघा. दोन बघून ठेवा."

"बघितलंस हौसा, कशी बोलते ती?"

मला मध्ये ओढलंच. माझा कुणगा, म्हणजे भाताचा तुकडा, शेजारचा, त्यामुळे या घराची सगळी भांडणं मला फुकटात ऐकायला मिळतात. गंगेच्या लग्नाला सहा वर्षं झाली. तेवढ्या काळात तिनं तीन नवस केले, दोन झाडांना पाळणे बांधले, एका वैदूची मुळी उगाळून प्यायली आणि आठ दिवस हगवणीनं आडवी झाली. पपई बंद, वांगं बंद, सोमवारी मीठ बंद. हर्षदवर, म्हणजे तिच्या नवऱ्यावर, एकच उपाय चालू होता. तो मुंबईहून आला की त्याला तूप जास्त वाढायचं.

शिमगा जवळ आला तशी आनंदीबाईनं गंगेला गोळ्या आणायला पालीला पिटाळलं. पालखी दारात यायची आणि घरची सून बाहेरची होऊन मागल्या पडवीत बसायची, हे कसं चालेल? म्हणून आमच्याकडे दर शिमग्याला नि दर गणपतीला सुना पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतात. या खेपेला मेडिकलवाला नेमका नियमाचा निघाला. चिठ्ठी आणा म्हणाला. म्हणून आम्ही दोघी सरकारी दवाखान्यात गेलो.

तिथल्या डॉक्टरबाई तरुण होत्या. त्यांनी गोळ्यांची चिठ्ठी सोडून भलतंच विचारायला सुरुवात केली.

"मूलबाळ?"

"नाय."

"नवरा कुठे असतो?"

"मुंबईस. गाववाल्यांच्या खोलीत. सोळा बापये ऱ्हातत तिकडं, बाईमाणसाला जागा नाय."

"घरी कधी येतो?"

"शिमग्याला सा दिवस नि गणपतीला पाच."

"म्हणजे वर्षातले अकरा दिवस तुम्ही एकत्र असता?"

गंगा खाली बघून पदराचं टोक पिळायला लागली. मग मीच बोलले. "एकत्र कुटनं असायला, बाय? शिमग्यात तो पालखीचा खांदेकरी. घराण्याचा मान हाय. पालखी फिरते तवर बायकोच्या वाऱ्याला उभा ऱ्हायाचा नाय, पालखी ठेवतत त्या सहाणेवर देवाबरोबर निजायचा. आणि गणपतीत घरात बावीस माणसा. बापये ओटीवर, बाया माजघरात."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. सहा वर्षांत वाडीतल्या एकाही शहाण्याच्या डोक्यात जे आलं नव्हतं, ते त्या परक्या बाईला दोन मिनिटांत कळलं, याची मला लाज वाटली. मी शहाणीही त्यातलीच.

"आणि त्यात भर म्हणून या गोळ्या," त्या म्हणाल्या. "अगं, यांनी पाळीचं सगळं चक्र पुढे-मागे होतं. त्या बंद कर. पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोज. साधारण दहाव्यापासून अठराव्या दिवसापर्यंत एक दिवसाआड जवळ आलात तरी पुरे. पण त्यासाठी नवरा घरात लागतो. चार-सहा महिने तरी. त्याची तंबाखू बंद कर, आणि तपासायला दोघांनीही यायचं. एकटी आलीस तर परत पाठवीन."

बाहेर आल्यावर गंगेनं नवऱ्याला फोन लावला. दोन वाक्यं ऐकून तो म्हणाला, "बघू." पालखीचा मान सोडून घरी राहिलो तर खोलीतले हसतील, ही त्याची काळजी. बायको जाईल याची काळजी खोलीतल्या कोणी केली नव्हती.

शिमग्याच्या चौथ्या दिवशी दुपारी पालखी त्यांच्या दारापुढच्या खळ्यात आली. ढोल वाजत होते, हर्षद पुढच्या दांड्याला खांदा देऊन घामानं निथळत होता. आनंदीबाईनं नारळ ठेवला आणि महिपत गुरवानं गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा, ही तुजी लेकरा हायत. ह्या सुनेची ओटी भरंव दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळी वाडी ओरडली.

"अजून मागना हाय," गंगा म्हणाली आणि पुढे झाली. ढोल थांबले. "म्हाराजा, पोर मागून मागून मी थकले. आदी माजा नवरा मला दे. सा वर्सा तो तुज्यापाशी निजतोय. तुला पोर व्हयत नाय, आणि वांज मला म्हणतत!"

कोणी "व्हय म्हाराजा" म्हणेना. फक्त मी म्हटलं, आणि मोठ्यानं म्हटलं.

हर्षदचा चेहरा पडला होता. त्यानं आईकडे बघितलं, मग बायकोकडे. मग चुलतभावाला हाक मारली, "विठू, घे दांडा." आणि त्यानं पालखीखालून खांदा काढला.

"मेल्या, मान गेला!" आनंदीबाई किंचाळली.

महिपत मात्र मुरलेला. "देवानं कौल दिलान, आनंदीबाय," तो घाईनं म्हणाला. त्याला अजून चौदा घरं उरकायची होती.

हर्षद राहिला. उन्हाळाभर आंब्याच्या बागेत लागला, मग भाताच्या लावणीला उतरला. त्याच्या मनाविरुद्ध का होईना, पण दोघं दोनदा दवाखान्यात जाऊन आले. आनंदीबाई महिनाभर मुलाशी बोलली नाही. मग कोणाचं लक्ष नसताना ती कॅलेंडरवर खुणा करायला लागली आणि मलाच दटावू लागली, "आज बारावा हाय, सांजचं गप्पा मारायला येव नको."

नागपंचमीला गंगेला तिसरा महिना लागला. महिपत म्हणाला, त्याच्या गाऱ्हाण्यानं. वैदू म्हणाला, मुळीला गुण उशिरा येतो. हर्षद नुसताच मिशीला पीळ देत हिंडत होता. दवाखान्याचं नाव कोणीच घेतलं नाही.

परवा मी खरवस घेऊन गेले, तेव्हा घरातली माणसं जेवत होती. आनंदीबाई वाढता वाढता म्हणाली, "पोरगाच व्हयला हवा हां गंगे. पोरगी झाली तर मी सांगून ठेवतंय..."

"मला कशाला सांगतंव, आत्ये?" गंगा शांतपणे म्हणाली. "पोरगा का पोरगी, ता बापाकडनं ठरता. डॉक्टरबाईंनी चित्र काढून दाखवल्यानी. ह्यांना इचारा."

आनंदीबाईच्या हातातला आमटीचा डाव हवेत राहिला. सहा वर्षं जी नजर गंगेनं सोसली, ती नजर तिनं सावकाश मुलाकडे वळवली.

"खरा काय रे हर्षदा?"

हर्षदनं अर्धं पान तसंच टाकलं आणि हात धुवायला उठला.